ताप : संगणकाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

संगणकाचा इतिहास सांगण्याची एक ठरून गेलेली रीत आहे. खोलीभर पसरलेले यंत्र टेबलावर आले, टेबलावरून मांडीवर आणि मांडीवरून तळहातावर आले. वेग वाढत गेला, किंमत उतरत गेली. असा तो चढता आलेख असतो. या आलेखाच्या मागे एक दुसरी गोष्ट सतत चालत आलेली आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. प्रत्येक आकडेमोडीतून थोडी उष्णता निर्माण होते. ती कोठेतरी नेऊन टाकावी लागते. ती नेता आली नाही तर यंत्र थांबते. गेल्या ऐंशी वर्षांत संगणकाने घेतलेली काही मोठी वळणे या एका अडचणीमुळे घेतलेली आहेत. आम्ही मराठी शिकवणारी माणसे; हा आमचा प्रांत नव्हे. तरीही आम्ही या विषयाकडे वळलो त्याला एक कारण घडले, आणि ते आम्हांला भूषणावह नाही. आधी तेच सांगतो.

२००६ साली आम्ही दोघे भोर तालुक्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. मराठी विभागाच्या वाट्याला त्या वर्षी प्रथमच एक संगणक आला होता. त्याचे अप्रूप एवढे, की आम्ही त्याच्यासाठी गावातल्या शिंप्याकडून जाड कापडाचे आच्छादन शिवून घेतले. संगणकाचा मुख्य खोका लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला टेकवून ठेवला होता. छप्पर पत्र्याचे होते. खिडकीबाहेर रस्ता आणि त्यापलीकडे भाताची गिरणी.

पुणे जिल्ह्याच्या या डोंगरी पट्ट्यात जात्यावरच्या ओव्यांचे केवढे धन आहे, हे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आधीच दाखवून दिले होते. गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून उभ्या राहिलेल्या त्यांच्या संकलनात पुढे लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतील अनेक ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांची संगणकीय मांडणी केली. २०१७ पासून ते भांडार 'पारी'च्या माध्यमातून सर्वांसाठी खुले होत आहे. त्या कामाचे एक लहानसे अनुकरण करावे म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना घरच्या बायकांकडून ओव्या उतरवून आणायला सांगितले होते. वेल्ह्याच्या बाजूची एक विद्यार्थिनी आपल्या आजीच्या ओव्यांची दोनशे पानी वही भरून घेऊन आली. तीच ती वही संगणकावर टंकीत असे.

एप्रिल लागला आणि यंत्र बिघडू लागले. दुपारी बाराच्या सुमारास ते मंद होई. अक्षर टंकल्यावर पडद्यावर उमटायला वेळ लागे. मग काही न सांगता ते बंद पडे. जतन न केलेले काम जाई. आम्ही व्हायरसचा संशय घेतला आणि व्हायरस शोधणारी प्रणाली दिवसभर चालवली. त्याने दुखणे वाढलेच. असे चारपाच वेळा झाल्यावर आम्ही असा निष्कर्ष काढला, की मुलगी काहीतरी चुकीची कळ दाबते. तसे आम्ही तिला सर्वांसमक्ष बोललो. 'यंत्र महागाचे आहे' हे वाक्यही त्यात होते. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, पुढे परीक्षा झाली, आणि वही तिच्याबरोबर गेली. टंकून झालेल्या ओव्या दीडशेच्या आसपास होत्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्ती करणारा तरुण आला. त्याने आच्छादन बाजूला केले, खोक्याची बाजूची पट्टी उघडली आणि काही न बोलता आम्हांला जवळ बोलावले. प्रोसेसरच्या वर पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा असतो, त्यावर पंखा असतो. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात उतरते, पात्यांवर पसरते आणि पंख्याचा वारा ती उडवून नेतो. आमच्या यंत्रात त्या पात्यांच्या फटी भाताच्या तुसाच्या बारीक धुळीने नमदा घातल्यासारख्या बुजून गेल्या होत्या. पंखा फिरत होता, पण वारा पलीकडे जात नव्हता. जो काही गरम वारा बाहेर पडे तो बंद कप्प्यात आणि आमच्या आच्छादनाखाली साठून पुन्हा आत ओढला जाई. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामधली मलमासारखी पेस्टही वाळून तडकली होती. दोन सपाट धातू एकमेकांवर ठेवले तरी त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारी हवा राहते आणि हवा उष्णतेची वाईट वाहक आहे. ती जागा भरण्यासाठी ही पेस्ट असते. त्याने रंगाच्या ब्रशने पाती साफ केली, जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली आणि नवीन लावली. किती लावायची असे आम्ही विचारले, तर म्हणाला, 'तांदळाच्या दाण्याएवढी. जास्त लावली तर उलट अडवते.' आंबेमोहोराच्या मुलखात हे माप समजायला अवघड गेले नाही. खोका कप्प्याबाहेर काढून भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला. तेथपासून ते यंत्र दुपारीही चालू लागले.

चूक कळीची नव्हती, मुलीची तर नव्हतीच. यंत्राची जपणूक म्हणून आम्ही जे केले होते त्यानेच ते गुदमरले होते. हे असे का व्हावे, आणि मुळात लिहिण्याच्या यंत्राने एवढे तापावे का, या प्रश्नामागे आम्ही नंतर बरेच वाचले. पुढची हकीकत त्या वाचनातली आहे.

१९४६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 'एनिअ‍ॅक' हा संगणक जाहीरपणे दाखवला गेला. त्यात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे दीडशे किलोवॅट वीज घेई. एवढी वीज अखेर उष्णताच होते, म्हणून त्याच्यासाठी मोठे वारा-पंखे बसवावे लागले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले यंत्र १९६० मध्ये पूर्ण झाले आणि १९६२ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे सत्तावीसशे नळ्या होत्या. नळीतून इलेक्ट्रॉन बाहेर पडावेत म्हणून तिची तार तापवावीच लागते. म्हणजे त्या काळी उष्णता ही यंत्राची अटच होती. संगणक म्हणजे गार खोली, हे समीकरण तेव्हापासूनचे. आमच्या विद्यार्थिदशेत संगणकाच्या वर्गाबाहेर चपला काढाव्या लागत, आत पडदे असत आणि यंत्रांवर झाकणे. धूळ आणि उष्णता यांच्याशी लढण्याचे ते उपाय होते. वातानुकूलन मागे राहिले आणि उपायांचा विधी झाला. आमचे आच्छादन हा त्या विधीचाच शेवटचा अवशेष होता.

१९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि तापलेल्या तारेची गरज संपली. पुढे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर अनेक ट्रान्झिस्टर कोरता येऊ लागले. १९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी या तुकड्यावरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल असे भाकीत मांडले. पुढे १९७५ मध्ये त्यांनी हा काळ दोन वर्षांचा केला. त्या मूळ लेखाची ख्याती या भाकितामुळे आहे. मात्र त्याच लेखात त्यांनी एक प्रश्नही विचारला होता : एका तुकड्यावरच्या हजारो घटकांची उष्णता काढून टाकता येईल काय? येईल, असे त्यांचे उत्तर होते. आणि पुढची चाळीस वर्षे ते पुष्कळसे खरे ठरले.

ते खरे ठरण्याचे कारण १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट केले. ट्रान्झिस्टर लहान करताना त्याला दिलेला विजेचा दाबही त्याच प्रमाणात कमी केला, तर दर चौरस मिलिमीटरमागे निघणारी उष्णता वाढत नाही. याचे गणित सोपे आहे. प्रोसेसरची उष्णता दोन गोष्टींवर मुख्यतः ठरते : तो सेकंदाला किती ठोके घेतो आणि त्याला किती दाबाची वीज मिळते. ठोके दुप्पट झाले तर उष्णता दुप्पट होते. दाब दुप्पट झाला तर ती चौपट होते. म्हणून दाब उतरवीत राहिले की ठोके वाढवायला मोकळीक मिळते. १९७१ चा इंटेलचा '४००४' हा प्रोसेसर तेवीसशे ट्रान्झिस्टरांचा होता. त्याला पंखा तर सोडाच, धातूचा ठोकळाही लागत नसे. १९९३ चा पेंटियम एकतीस लाख ट्रान्झिस्टरांचा होता आणि सुमारे पंधरा वॅट उष्णता टाकी. घरगुती संगणकात प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा दिसू लागला तो साधारण याच काळात.

मग मोकळीक संपत आली. दाब एका मर्यादेखाली नेला की ट्रान्झिस्टर नीट बंद होत नाही. न वापरलेल्या नळातून पाणी ठिबकत राहावे तशी वीज गळत राहते आणि त्या गळतीची उष्णता होते. दाब उतरेना, ठोके मात्र वाढतच होते. २००१ मध्ये इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी तज्ज्ञांच्या परिषदेत इशारा दिला, की याच वाटेने जात राहिलो तर प्रोसेसरची उष्णता-घनता आधी अणुभट्टीची, मग अग्निबाणाच्या नळकांड्याची आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाची बरोबरी करील. फेब्रुवारी २००४ मध्ये पेंटियम ४ ची 'प्रेस्कॉट' ही आवृत्ती आली. तिच्या काही नमुन्यांची उष्णता ११५ वॅटपर्यंत जाई. शंभर वॅटच्या जुन्या दिव्याला हात लावून पाहणाऱ्यांना याचा अर्थ कळेल. आणि येथे ती उष्णता नखाएवढ्या जागेतून निघत होती. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचा बेत सोडून दिला. ठोक्यांची शर्यत तेथे थांबली. पुढे एका वेगवान मेंदूऐवजी एकाच तुकड्यावर दोन, चार, आठ मध्यम वेगाचे मेंदू बसवण्याचा मार्ग स्वीकारला गेला. जुलै २००६ मध्ये आलेला 'कोअर २ ड्युओ' याच मार्गावरचा. त्याच्या बहुतेक नमुन्यांसाठी ६५ वॅट उष्णता गृहीत धरलेली होती. आमच्या विभागातले यंत्र पेंटियम ४ होते. म्हणजे इतिहासाने जी वाट सोडून दिली तिच्या अगदी टोकावर उभे असलेले यंत्र आमच्या पत्र्याच्या खोलीत येऊन पडले होते.

त्या यंत्राचे वागणेही या इतिहासाने समजते. पेंटियम ४ मध्ये तापमान मोजणारी सोय प्रोसेसरच्या आतच होती. ठरावीक मर्यादा ओलांडली की तो आपले काम मुद्दाम मंद करी. त्यानेही भागले नाही तर जळून जाण्याआधी वीज तोडली जाई. आम्हांला जो मंदपणा आणि जे अचानक बंद पडणे रोगासारखे वाटले, ते यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी केलेले उपाय होते. व्हायरस शोधण्याची प्रणाली दिवसभर चालवणे म्हणजे तापलेल्या माणसाला चढ चढायला लावणे होते.

येथे पुण्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. भोरपासून पन्नासेक किलोमीटरवर, पुणे विद्यापीठाच्या आवारात, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्या काळच्या जगप्रसिद्ध महासंगणकांची थंडावण्याची व्यवस्था अवाढव्य असे. सीमूर क्रे यांच्या १९७६ च्या 'क्रे-१' मध्ये शीतकपाटासारखा फ्रिऑन खेळवलेला होता. १९८५ च्या 'क्रे-२' मध्ये तर सगळे परिपथ वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवले होते. अमेरिकेकडून हव्या त्या क्षमतेचे यंत्र मिळण्यात अडथळे आल्यावर पुण्याने दुसरा रस्ता धरला : ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून काम वाटून घ्यायचे. हा निर्णय उष्णतेमुळे घेतलेला नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. तो नाइलाजातून घेतलेला होता. तरी एकाच धगधगत्या मेंदूपेक्षा अनेकांनी मिळून भार उचलावा, हे जे तत्त्व टेबलावरच्या संगणकाने २००४ नंतर पत्करले, त्याच्याशी तो जुळतो. आज पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' या महासंगणकात पाणी थेट प्रोसेसरच्या सान्निध्यात खेळवून उष्णता काढली जाते.

या सगळ्याचा आमच्या मुलखाशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते तो दोन ठिकाणी आहे.

पहिला संबंध ज्ञानाचा. उष्णता काढून टाकण्याची जी तंत्रे प्रयोगशाळांनी घडवली त्यांची तत्त्वे येथील घराघरांत वापरात होती. मातीचा माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आजच्या संगणकांत प्रोसेसरपासून पंख्यापर्यंत जाणारी तांब्याची नळी असते. तिच्यातला द्रव गरम टोकाला वाफ होतो, थंड टोकाला पुन्हा द्रव होतो आणि परत येतो. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी या नळीला नावारूपाला आणले. माठातले पाणी परत येत नाही, एवढाच दोघांत फरक. भोरच्या जुन्या वाड्यांत जाड भिंती आणि मधला उघडा चौक असे. गरम हवा चौकातून वर निघून जाई आणि माजघर दुपारीही गार राही. हवेला आत यायला आणि बाहेर जायला वेगवेगळ्या वाटा लागतात, हे तो वाडा बांधणाऱ्या गवंड्याला ठाऊक होते. आम्ही एम. ए. झालेली माणसे ते यंत्राच्या बाबतीत विसरलो आणि दोन्ही वाटा कापडाने बुजवल्या.

दुसरा संबंध विषमतेचा आहे. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. खोली तेरा अंशांनी तापली की त्याच कामासाठी प्रोसेसरही साधारण तेरा अंशांनी अधिक तापतो. पंचवीस अंशांच्या बंद खोलीत जे यंत्र सुखाने चालते, ते अडतीस अंशांच्या पत्र्याखाली सीमेवर येऊन उभे राहते. त्यात तुसाची धूळ पडली की सीमा ओलांडते. वेल्ह्याकडे पावसाळ्यात याच्या उलट दमटपणाची बाधा. यंत्र एकच, किंमत एकच, पण शहरातल्या गार खोलीत त्याला जे आयुष्य लाभते ते येथे लाभत नाही. आणि ते बंद पडले की दोष यंत्राचा किंवा खोलीचा न ठरता वापरणाऱ्याचा ठरतो. खेड्यातून आलेल्या, संगणक प्रथमच हाताळणाऱ्या मुलीचा तर तो विनाचौकशी ठरतो. आम्ही तेच केले होते.

१९६१ मध्ये आयबीएमच्या रोल्फ लान्डाउअर यांनी एक सिद्धान्त मांडला. आकडेमोडीला तत्त्वतः उष्णता लागलीच पाहिजे असे नाही. मात्र माहितीचा एक कण कायमचा पुसून टाकायचा असेल, तर काही एक किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते. ही उष्णता कल्पनेपलीकडे अल्प आहे आणि प्रत्यक्षातले प्रोसेसर तिच्या कितीतरी पट तापतात. पण २०१२ मध्ये युरोपातील संशोधकांनी प्रयोगाने ती मोजण्यापर्यंत मजल मारली. म्हणजे निसर्गाच्या हिशेबात विसरणे फुकट नाही. हा सिद्धान्त वाचताना आम्हांला ती वही आठवल्यावाचून राहिली नाही.

२०११ मध्ये ती विद्यार्थिनी एका दाखल्यासाठी महाविद्यालयात आली. लग्न होऊन ती मुंबईला राहत होती. बरोबर लहान मुलगा होता. आम्ही तिला बसवून घेतले, यंत्राचे खरे दुखणे काय होते ते सांगितले आणि चूक आमची होती असे म्हणालो. ती थोडी संकोचली. मग म्हणाली, 'मॅडम, मला तेव्हाच सांगायचं होतं. टेबलाखाली पाय गेला की खोका चटका देत होता. पण मला वाटलं, तो तसाच असतो. आणि तुम्ही विचारलंही नाही.'

वहीविषयी आम्ही विचारले. आजी आदल्या वर्षी गेली होती. माहेरचे घर पावसात गळले त्यात वही भिजली, ती शाईच्या पेनाने लिहिलेली होती. जी पाने वाचता येतात ती पुढच्या खेपेला आणीन, असे ती म्हणाली आणि तिने आणलीही, एकवीस पाने. त्यांतल्या ओव्या तिने स्वतः विभागात बसून टंकल्या. दिवस मे महिन्याचा होता, दुपार होती. खोक्याची बाजूची पट्टी आम्ही काढून ठेवली होती, आणि मधूनमधून ती टेबलाखाली हात घालून पाहत होती.